चाळिसावा बुडखा

मित्रांनो, नावाने मी हातोडा आहे, पण उभ्या जन्मात मी एकही खिळा ठोकलेला नाही. मी खुणेचा हातोडा. माझ्या डोक्याची एक बाजू धारदार आहे आणि दुसऱ्या बाजूवर ठसा कोरलेला आहे: एक वर्तुळ, त्यात एक पान आणि पानाखाली सात हा आकडा. ठसा उलटा कोरलेला असल्यामुळे माझं तोंड फक्त आरशात सरळ दिसतं. आता मी म्हातारा झालो आहे आणि जंगल खात्याच्या एका कचेरीत, काचेच्या कपाटात पडून आहे. येणारे-जाणारे बघतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबला आहात, तर थोडं ऐकून घ्या.

मला एका लोहाराने घडवलं. आम्ही बारा भाऊ, एकाच भट्टीतले. प्रत्येकाच्या तोंडावर वेगळा आकडा. लोहार गप्पिष्ट होता. शेवटचं पाणी देताना तो मला म्हणाला, "बाबा रे, जपून राहा. तू हरवलास तर मोठमोठ्या साहेबांची झोप उडेल." मला त्या वेळी फार मोठेपणा वाटला. नंतर त्याने माझ्या डोक्यात दांडा बसवला. तो दांडा लाकडाचाच होता. झाडांवर खुणा करणाऱ्या माझ्यासारख्याला झाडाच्याच आधाराने उभं राहावं लागतं, याची मला पुढे पुढे लाज वाटू लागली.

ज्यांच्या हातात मी पडलो, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत शिकवत नव्हते. पण कामात कोणी चुकारपणा केला की असे रागवायचे, की चांगले दाढीवाले गडीसुद्धा खाली मान घालून उभे राहत. कचेरीने त्यांना खूण मारण्याच्या कामावर नेमलं होतं. रात्री ते मला लोखंडी पेटीत कुलूपबंद करून पेटी पलंगाखाली सरकवत. त्यांची बायको थट्टेने म्हणायची, "माझे दागिने डब्यात उघडे पडलेत आणि याला दोन-दोन कुलपं." मास्तर म्हणत, "तुझे दागिने गेले तर तुझंच जाईल. हा गेला तर डोंगर जातील." खरं सांगतो, तेव्हा मला ते बोलणं जरा जास्तच वाटलं होतं.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. आमच्याकडे बारा महिने ओल असलेलं घनदाट जंगल होतं. पाच माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत अशी झाडं होती. त्यांच्या लाकडाला दूरच्या देशांत फार मागणी. एखादं झाड तोडायला परवानगी मिळाली की ते पडेपर्यंत मास्तर तिथे उभे राहत. झाड तोडल्यावर जमिनीत जो बुडखा उरतो, त्याच्या माथ्यावर ते माझ्या धारेने हातभर जागा तासून साफ करत आणि मग ठसा मारत. शेजारी रंगाने नंबर घालत. मग ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तसाच ठसा आणि तोच नंबर. आधी बुडखा, मग ओंडका. हा मास्तरांचा शिरस्ता होता. ते म्हणत, "ओंडका कुठेही जाईल. बुडखा पळून जात नाही. आधी त्याला विचारायचं." जागेवरच वहीत नोंद व्हायची आणि खाली सही. घरी जाऊन लिहू, हा प्रकार त्यांना चालत नसे.

वीस वर्षं आम्ही असं काम केलं. या काळात माझं कौतुकही झालं. बंदरावरचे लोक ओंडक्यावरचं पान बघून म्हणत, "सात नंबर आहे ना? मग डोळे झाकून चढवा." त्या शब्दांनी मी सुखावत असे. आता वाटतं, तेव्हा कोणीतरी डोळे उघडे ठेवायला हवे होते.

मास्तरांना एक मोठी बहीण होती. मास्तर तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. ती डोंगराच्या पोटात, बारा घरांच्या वस्तीत राहायची. वस्तीच्या वर एक झरा होता आणि झऱ्याभोवती जुन्या झाडांचं एक बेट. त्या झऱ्याला एक लांब पाइप लावून पाणी खाली आणलेलं होतं. बारा घरं, भाजीचे वाफे, गाईगुरं, सगळं त्या एका पाइपावर. झऱ्याभोवतीचं झाड तोडायचं नाही असा कायदाच होता. मास्तरांनी तरुणपणी स्वतः वर चढून ती झाडं मोजली होती आणि राखीव झाडांच्या यादीत नोंदवली होती. बरोबर चाळीस. त्या झाडांवर माझा ठसा कधीही उमटणार नव्हता. ताईकडे गेलो की मास्तर मला ओसरीवर ठेवून पाइपाखाली हात धरत आणि म्हणत, "ताई, तुझ्याकडचं पाणी प्यायलं की दोन दिवस तहान लागत नाही." ताई म्हणे, "मग रोज ये की. बोलण्यात काय जातंय तुझं?"

मग नवा नियम आला. मित्रांनो, नियम वाईट नव्हता, हे आधी सांगतो. लाकूड घेणाऱ्या देशांनी कळवलं की ज्या ओंडक्यावर खूण नाही, तो आम्ही घेणार नाही. प्रत्येक ओंडक्याचा बुडखा दाखवता आला पाहिजे, आणि आमचा माणूस कधीही येऊन ताडून बघेल. हे ऐकून मास्तरांचा चेहरा खुलला होता. आजवर कितीतरी लाकूड नुसत्या कागदावर निसटून जात होतं, त्याला आता लगाम बसणार होता. पण नियमाला एक तारीख होती. त्या तारखेच्या आधी तोडलेलं आणि वखारीत खुणेशिवाय पडून राहिलेलं लाकूड असेल, तर त्यावर खुणा मारायला आठ दिवसांची सवलत. आमच्या भागात लाकूडतोडीचा परवाना असलेल्या ठेकेदाराच्या वखारीत असे चारशे ओंडके होते. जहाज शनिवारी सुटणार होतं.

चारशे बुडखे जंगलभर विखुरलेले. एकेक शोधायचा म्हटलं तरी दोन महिने लागले असते. ठेकेदार मास्तरांना म्हणाला, "तुम्ही आधी ओंडक्यांवर मारा. प्रत्येकाचा बुडखा कुठे आहे, ते मी वहीत लिहून देतो. बुडखे काय, नंतर सावकाश करा. ते कुठे पळून जातायत?" मास्तरांचेच शब्द त्याने मास्तरांना ऐकवले. मास्तर वखारीत उभे राहून बराच वेळ त्या ओंडक्यांकडे बघत राहिले. जहाज चुकलं तर ते सगळं लाकूड तिथेच कुजणार, वाळवी खाणार. तोडलेली झाडं निदान वाया तरी जाऊ नयेत, असं त्यांच्या मनात आलं. चांगल्या माणसाच्या हातून चूक होते ती अशीच, काहीतरी वाचवायला जाताना. त्यांनी मला पेटीतून काढलं.

सहा दिवस ठोके चालू होते. दांडा तापला, मास्तरांच्या तळहाताला फोड आले. पाचव्या दिवशी वखारीच्या मागच्या रांगेत आम्ही एका ओंडक्यापाशी आलो. त्याच्या तोंडाला चिखल आणि काळं तेल फासलेलं होतं, जुना दिसावा म्हणून. मी पहिलाच ठोका मारला आणि मला कळलं. जुनं लाकूड मला उडवून लावतं. हे लाकूड मऊ होतं, ओलं होतं, माझं तोंड त्यात रुतलं आणि रस बाहेर आला. मास्तरही थबकले.

"हे ओलं लागतंय," ते म्हणाले.

"पावसात पडलंय ना दोन महिने," ठेकेदार म्हणाला. "ओलं नाही तर काय कोरडं असणार?"

मास्तरांनी वर आभाळाकडे पाहिलं. पाऊस खरोखरच पडत होता. त्यांनी पुढचा ठोका मारला. त्या रांगेत असे चाळीस ओंडके होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण माझ्या तोंडावर एकच खूण कोरलेली होती, आणि तिचा अर्थ होता "हे लाकूड खरं आहे". चाळीस वेळा माझ्या तोंडून खोटं वदवलं गेलं.

शनिवारी जहाज गेलं. सोमवारपासून मास्तर बुडखे शोधायला निघाले. शब्दाला ते जागणारे होते. गुडघा दुखत असताना काठी टेकत त्यांनी तीनशे साठ बुडखे शोधले आणि प्रत्येकावर ठसा मारला. उरलेले चाळीस काही केल्या सापडेनात. वहीत लिहिलेल्या जागी नुसतं गवत होतं. ठेकेदार म्हणे, पुरात वाहून गेले असतील. मास्तर रात्री उशिरापर्यंत वही पुन्हा पुन्हा चाळत बसू लागले. बायकोने विचारलं तर म्हणत, "काही नाही, थोडे बुडखे राहिलेत."

एके दिवशी ताई कचेरीत आली. ती कधी कचेरीत येत नसे. तिने पिशवीतून एक बाटली काढली आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवली. बाटलीत लाल गढूळ पाणी होतं.

"हे आमच्या पाइपाचं पाणी," ती म्हणाली. "आठ दिवस असंच येतंय. कालपासून तेही करंगळीएवढं झालंय. वर काय चाललंय रे?"

 मास्तरांनी पेटी उचलली आणि दोघं निघाली. वस्तीच्या वर चढायला दीड तास लागतो. मास्तर तो चढ एकदाही न थांबता चढले. आम्ही वर पोहोचलो. झऱ्याभोवती ऊन पडलं होतं. त्या जागी मी कधी ऊन बघितलं नव्हतं. उघडी माती पावसाने खाली ओघळली होती आणि झऱ्याच्या तोंडाशी चिखल साचला होता. आणि सगळीकडे बुडखे. मोजायची गरज नव्हती, तरी मास्तरांनी मोजले. चाळीस. ठेकेदाराने डोंगराच्या पलीकडून माणसं आणली होती आणि ओंडके माथ्यावरून त्याच बाजूला उतरवले होते.

"तुला करवतीचा आवाज आला नाही का गं?" मास्तरांनी विचारलं.

"आला की," ताई म्हणाली. "चांगला पंधरा दिवस येत होता. वस्तीतल्या पोरी म्हणत होत्या, आत्या, वर जाऊन बघू या. मी म्हटलं, कशाला? खुणेवर माझा भाऊ आहे." मग ती म्हणाली, "तू आहेस म्हणून मी बघायला गेले नाही."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. भट्टीत मी लाल झालो आहे, घणाखाली सपाट झालो आहे. पण त्या वाक्याने मला जे झालं, ते कशानेच झालं नव्हतं. मास्तर तोंडावर हात घेऊन रडले. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती पाइपाच्या तोंडातला चिखल बोटांनी काढत बसली.

उतरताना मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. नियम, तारीख, चारशे ओंडके, ओलं लाकूड, सगळं. काही लपवलं नाही. ताईने एकच विचारलं, "आता या बुडख्यांवर खूण नाही, म्हणजे ते लाकूड चोरीचं ना?" मास्तर म्हणाले, "हो. जितके ओंडके तितके बुडखे लागतात. एक जरी कमी पडला तरी चौकशी लागते." ताईने मान हलवली.

त्याच संध्याकाळी ठेकेदार मास्तरांच्या घरी आला. चहाला नको म्हणाला. "तुम्ही चाळीस बुडखे शोधत होतात, ते सापडले. एका सकाळचं काम आहे. मारून टाका. तुमची नोकरी राहील, माझा परवाना राहील. झाडं तर काही परत उभी राहायची नाहीत." मास्तरांनी त्याला दार दाखवलं आणि रात्रभर जागून कचेरीला अर्ज लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची चूक आधी लिहिली आणि ठेकेदाराची नंतर.

मला वाटलं होतं, आता न्याय होईल. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लाकूड पोहोचलंसुद्धा. आता बोभाटा झाला तर सगळ्या मालाची निर्यात थांबेल. ती झाडं वाळलेली होती असं लिहिता येईल. बुडख्यांवरच्या खुणा राहिल्यात, एवढंच ना? मग राहिलेलं काम पूर्ण करून घेऊ. खुणा झाल्या की तुमच्या अर्जात काही उरत नाही." मास्तरांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्यांनी मला टेबलावर ठेवलं तेव्हा दांड्यावरून एकदा अंगठा फिरवला. त्यानंतर त्यांच्या हातात मी कधीच गेलो नाही.

मला नव्या माणसाच्या ताब्यात दिलं. तो तरुण होता, चष्मेवाला, नुकताच नोकरीला लागलेला. त्याला सांगितलं ते तो करणार होता.

झरा तोवर पूर्ण आटला होता. वस्तीतली घरं एकेक करून उठत होती. ज्या सकाळी आम्ही वर गेलो, त्याच सकाळी ताईचा संसारही शहराकडे निघाला होता. खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता आणि मास्तर त्यात ताईच्या गाद्या आणि भांडी चढवत होते. नवा माणूस आणि ठेकेदार त्यांच्याकडे न बघता वर चढले.

ठोके सुरू झाले. एक, दोन, दहा, वीस. बुडखे वरून सुकून राखाडी पडले होते. मी तासलं की आत अजून ओलावा लागे. मला नाही म्हणता येत नव्हतं. हातोड्याला मर्जी नसते, हे मी त्या सकाळी चाळीस वेळा शिकणार होतो.

पण झऱ्याला लागून जो सगळ्यांत मोठा बुडखा होता, त्याच्या मधोमध ताई बसलेली होती. आमच्या आधीच ती येऊन बसली होती. नव्या माणसाने तो बुडखा शेवटी ठेवला. एकोणचाळीस झाले आणि आम्ही तिच्यासमोर उभे राहिलो.

"मावशी, उठता का जरा?" तो म्हणाला.

"दमलेय रे बाळा. बसू दे."

ठेकेदार पुढे झाला. "अहो, खाली तुमचा टेम्पो थांबलाय. ड्रायव्हर किती वेळ हॉर्न वाजवतोय."

"थांबू दे," ताई म्हणाली. "तुमच्यासाठी जहाजं थांबतात. माझ्यासाठी एक टेम्पो थांबेल."

ठेकेदार नव्या माणसाला म्हणाला, "हिला उठव आणि मार खूण." नवा माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग ताईकडे. ती मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. तिच्या पायाशी तो कोरडा पाइप पडला होता.

"मला खूण मारायला सांगितलंय," तो हळूच म्हणाला. "माणसं उठवायला नाही."

ऊन वर चढलं. ठेकेदार शिव्या देत झाडांची सावली शोधू लागला आणि ती कुठेच नव्हती. ताई हलली नाही. दुपार झाली तसं नव्या माणसाने वही काढली, कारण नोंद जागेवरच करायची असते आणि सही झाली की ती बदलता येत नाही. त्याने लिहिलं, तारीख घातली, सही केली.

"वाचून दाखव," ताई म्हणाली.

"हजर बुडखे चाळीस. खूण मारलेले एकोणचाळीस."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. मग ताई उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि टेम्पोकडे उतरायला लागली. मागे वळून तिने झऱ्याकडे पाहिलं नाही.

एका बुडख्याने हिशेब बिघडला. वहीची नक्कल गेली तशी लाकूड घेणाऱ्या देशातून पत्र आलं: चाळिसावा कुठे आहे? त्यांचा माणूस बघायला आला. झऱ्याभोवती, काही महिने जुन्या बुडख्यांवर ताजे ठसे बघून त्याला सगळं उमगलं. मास्तरांचा अर्ज फायलीतून बाहेर निघाला. ठेकेदाराचा परवाना गेला, साहेबांची बदली झाली, आणि समोरच्या डोंगरावर ज्या झऱ्याभोवतीची झाडं पुढच्या हंगामात पडायची होती, ती वाचली. मास्तरांचीही नोकरी गेली. त्यांनी तक्रार केली नाही. माझ्या तोंडावर छिन्नीने आडवी चीर मारली, गळ्यात चिठ्ठी बांधली आणि मला या कपाटात ठेवलं.

पण ते चाळीस ओंडके परत आले नाहीत. कोणाच्या तरी घरात ते आता जमीन झाले असतील, टेबल झाले असतील. झरा परत आला नाही. बारा घरं परत आली नाहीत. नवा माणूस आता जुना झाला आहे. तो कधीकधी कपाटापाशी उभा राहून सहकाऱ्यांना सांगतो की ताई शहरात दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मास्तर पाण्याचे दोन कॅन घेऊन, दुखऱ्या गुडघ्याने तो जिना चढतात. ताई दार उघडून ठेवते. 

मित्रांनो, मी एक खोटं बोललेला हातोडा आहे, आणि माझी तुमच्याजवळ एकच विनंती आहे. लाकडाची सुंदर वस्तू दिसली तर तिच्यावरून हात जरूर फिरवा, पण नुसता शिक्का बघून समाधान मानू नका. याचा बुडखा कुठे आहे आणि त्या उताराखाली कोण राहतं, हे विचारा. दुकानदाराला सांगता येणार नाही. तो हसेल. तरी विचारा, आणि झाड उभं असताना विचारा. ताई बसली तेव्हा तिच्याखाली बुडखाच उरला होता.